वाचकांचे प्रश्न : मुलांची घोडेस्वारी

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांसाठी घोडेस्वारी मंडळ निघालं आहे, तिथे तिला घालायचं म्हणतो. आमच्याकडे घोडा नाही. कागदं कोणती लागतील? घरचं मोटारसायकलचं हेल्मेट चालेल का?
– एक कास्तकार, आर्वी

उत्तर : स्वतःचा घोडा सहसा लागत नाही, शिकायला मंडळाचेच असतात. वयाचा दाखला, पालकांचं संमतिपत्र, डॉक्टरांचं प्रमाणपत्र एवढं साधारण मागतात. फोन नंबर दोन द्या. तुम्ही वावरात असाल नि रेंज नसेल तर दुसरं कोणी हवं. दमा, फिट येणं, जुनं हाड मोडलेलं, काही लपवू नका. सरकारी लसीकरणात १० आणि १६ व्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, लस असते. १० वर्षांची चुकली असेल तर आधी घ्या, कारण लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

मोटारसायकलचं हेल्मेट नको. ते जड असतं, मानेवर भार येतो, बाजूचं दिसत नाही नि शिक्षकांची हाक ऐकू येत नाही. घोडेस्वारीचंच घ्या, आत एएसटीएम एफ११६३ किंवा ईएन १३८४ हा सुरक्षा मानकाचा शिक्का पाहा. घालून डोकं हलवलं की कपाळाची कातडी त्याच्यासोबत हलली पाहिजे. वाढत्या अंगाचं म्हणून मोठं घेण्याची आपली सवय इथे महागात पडते. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद समजा.

बुटाला दोन-अडीच सेंटिमीटर टाच आणि तळ गुळगुळीत हवा. चप्पल किंवा सपाट बूट असला तर पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार जातो, आणि पडलेलं मूल फरफटत जातं. ओढणी, पैंजण, कानातले डूल घरी ठेवा. वेणी खाली मानेशी बांधा, म्हणजे हेल्मेट वर उचललं जाणार नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. मंडळात जाऊन महिना झाला, पण अर्धा वेळ खरारा, लीद नि खूर साफ करण्यात जातो. वरून नियमच नियम. स्वारी केव्हा शिकवणार?
– एक विद्यार्थी, दर्यापूर

उत्तर : शिकवणं सुरूच आहे. ब्रिटनमध्ये १९२९ साली निघालेल्या पोनी क्लब या मुलांच्या घोडेस्वारी संस्थेच्या परीक्षांतही स्वारीसोबत घोड्याची निगा तपासतात.

खरारा, म्हणजे दातेरी घासणी, मांसल भागावर गोल फिरवा. तोंडावर नि गुडघ्याखाली तो नको, तिथे मऊ ब्रश. मग खोगीर बसतं त्या जागेवर उघडा तळहात फिरवा, आणि नमद्याच्या, म्हणजे खोगिराखालच्या जाड कापडाच्या, खालच्या बाजूनेही. दिवाळीनंतर गवत वाळलं की नमद्यात कुसळं शिरतात. त्यातलं एक जरी राहिलं, तरी तुम्ही बसताच ते टोचतं, घोडा पाठ उचलतो, आणि आपण म्हणतो घोडा बदमाश आहे. खूर टाचेकडून पुढे साफ करा. आपली काळी माती तिथे घट्ट बसते. ओली राहिली की तळव्याच्या मऊ भागाला सड लागते, घाण वास येतो. गोखरूही तिथेच सापडतात. खुरापाशी गुडघे टेकून बसू नका, वाकून उभं राहा. वेळ आली तर बाजूला होता येतं.

आता नियम. घोड्याला ठीक पाठीमागचं दिसत नाही, म्हणून आवाज देत डाव्या खांद्याकडून जायचं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घड्या करून मुठीत धरायचा. घोडा बिथरला तर गुंडाळलेल्या दोराने बोटं जातात. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, दोनदा ओढायचा, बसण्याआधी आणि पाच मिनिटं चालवल्यावर, कारण तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवतात. तो तपासला नाही तर खोगीर फिरतं, स्वारासकट. दोन घोड्यांत निदान एका घोड्याचं अंतर ठेवा. सगळे बसल्याशिवाय कोणी पुढे निघायचं नाही.

रागात घोड्याला मारणं, न विचारता बाहेर नेणं, रील काढायला डांबरी रस्त्यावर पळवणं, यासाठी मंडळाने नाव कापलं तर आम्ही मंडळाच्याच बाजूने. उशिरा येण्याला मात्र समज पुरे. एसटीचा भरवसा सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रश्न : आमची घोडी वरातीत चालते. मुलाला तीच मंडळात नेता येईल का?
– एक वाचक, मूल (जि. चंद्रपूर)

उत्तर : आधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो. अहवाल आल्यावरही दोन-तीन आठवडे तिला वेगळं बांधायला सांगतील. वाईट वाटून घेऊ नका. बँडची सवय असली तरी वरातीत लगाम धरणारा माणूस पुढे असतो. एकट्या मुलाखाली ती कशी चालते हे मंडळाच्या शिक्षकालाच आधी बसून पाहू द्या. वजनाचा ठोकताळा असा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, म्हणजे ३०० किलोच्या घोडीवर ६० किलो. घरून खाद्य नेत असाल तर गुरांची किंवा कोंबड्यांची तयार पेंड तिच्या तोंडी लागू देऊ नका. काहींत मोनेन्सिन हे औषध असतं, त्याने घोडा मरतो. बुरशी लागलेलं कुटारही नको, त्याने पोटशूळ उठतो.

प्रश्न : मे महिन्यात वर्ग पहाटे साडेपाचला का? संध्याकाळी का नाही?
– एक पालक, वरूड

उत्तर : संध्याकाळी सहालाही जमीन तापलेलीच असते, आणि घोड्याला गार व्हायला माणसापेक्षा वेळ लागतो. मुलाला रिकाम्या पोटी पाठवू नका, एक केळं पुरे.