माग गेले, शेड उरली

प्रश्न : इचलकरंजीत आमचा १६ मागांचा कारखाना होता. गेल्या वर्षी माग भंगारात दिले. ६० बाय ३० फुटांची शेड मोकळी आहे, वर सिमेंटचे पत्रे. संध्याकाळी गल्लीतल्या मुली तिथे लेझीम खेळतात, गुरुवारी भजन असतं. ही जागा कायमची अशाच कामाला द्यावी, नाटकाच्या तालमीही व्हाव्यात, असं मला वाटतं. एका इंटिरियरवाल्यांनी फॉल्स सीलिंग, एसी, टाइल्स धरून १८ लाखांचं एस्टिमेट दिलंय. भाऊ म्हणतो, गोडाऊन म्हणून भाड्याने दे. वडील काहीच बोलत नाहीत. रोज सकाळी जाऊन तिथे नुसते बसतात.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, ते एस्टिमेट घडी घालून कपाटात ठेवा. फॉल्स सीलिंग आलं की उंची गेली, आणि तुमच्या शेडमध्ये फुकट मिळालेली तेवढी एकच गोष्ट आहे.

ब्राझीलमधल्या साओ पावलोत पिंपं बनवणारा एक जुना कारखाना होता. त्याचं लोकांसाठी केंद्र करायचं काम १९७०च्या दशकात लीना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईंकडे आलं. त्या बघायला गेल्या, तर मोडक्या छपरातून गळणाऱ्या पावसात पोरं फुटबॉल खेळत होती आणि आया दाराशी काहीबाही भाजत बसल्या होत्या. बाईंनी ठरवलं, हे असंच चालू राहिलं पाहिजे. शेड पाडल्या नाहीत. गिलावा खरवडून विटा उघड्या केल्या, आत वाचायची जागा, नाट्यगृह, हस्तकलेच्या खोल्या केल्या आणि चक्क जमिनीतून पाण्याचा एक वेडावाकडा ओहोळ नेला. १९८२ साली ते सुरू झालं. तुमच्याकडे लेझीम आणि भजन न बोलावता आलेत. आता त्यांना हुसकावून लावेल असं काही बांधू नका, म्हणजे झालं.

पैसे आधी वायरिंगवर घाला. इतकी वर्षं उडालेली कापसाची तूस स्विचबोर्डात आणि तुळयांवर बसलेली असणार. तिला एक ठिणगी पुरते. मेन बंद करून ती व्हॅक्यूमने काढा, झाडूने उडवू नका. मग भिंतीत दुसरं दार करून घ्या. दोन्ही दारं बाहेर उघडणारी हवीत. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ला आग लागली, १४ जणांचा जीव गेला. तीही गिरणीचीच जागा, नव्याने थाटलेली. भावाला मधला मार्ग म्हणून अर्ध्यात गोडाऊन द्यायचं मनात असेल तर तेही नको. एका पत्र्याखाली सुताची पोती आणि पोरी, हे जमायचं नाही.

जमिनीबाबत माझीच फजिती सांगते. खानदेशातल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये मशीनचे बोल्ट मी मुद्दाम ठेवले होते, जुनेपणाची खूण म्हणून. पहिल्याच तालमीला एका मुलीच्या अंगठ्याचं नख निघालं. बोल्ट जेमतेम अर्धा इंच वर होता. तेव्हा तुमच्या मागांचे सगळे बोल्ट कापून खड्डे भरून घ्या. तेल प्यालेल्या कोब्यावर रंग धरत नाही, टाइल्सही सुटतात. वरचा थर फोडून नवा कोबा घालणं बरं.

आता आवाज. शेडच्या मधोमध उभ्या राहून एक टाळी वाजवा. ती घुमत राहिली तर नाटकातला शब्द शेवटच्या माणसाला कळणार नाही. भजनाला थोडं घुमलेलं चालतं, गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या गावाला हे मी काय सांगू! उपाय तुमच्याच बाजारात आहे : जाड कोरं कापड, भरपूर चुण्या घालून, भिंतीपासून वीतभर सोडून टांगायचं. भिंतीला चिकटवलंत तर निम्मा उपयोग गेला. वायरी आणि दिव्यांपासून मात्र लांब ठेवा.

मुलींसाठी स्वच्छतागृह एस्टिमेटमध्ये होतं का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते.

कागदांचं थोडक्यात : महापालिकेच्या नगररचना विभागात वापर बदलाचं विचारा, आणि मीटर यंत्रमागाच्या दराचा असेल तर वापर बदलल्याचं महावितरणला आधी कळवा. जागेवर भावाचंही नाव असेल तर सही त्याचीही लागेल, तेव्हा त्याच्याशी भांडण नको.

राहिले पत्रे. जुने सिमेंटचे आहेत म्हणजे त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. पंख्याच्या हुकासाठीसुद्धा भोक पाडू नका, घासू नका. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. धड आहे तो पत्रा तसाच राहू द्या. फुटका असेल तो जाणकाराकडून ओला करून, अख्खा उतरवून घ्या. कुठला गळतो, कुठला तडकलाय, हे माझ्यापेक्षा आणि त्या इंटिरियरवाल्यांपेक्षा तुमच्या वडिलांना पक्कं ठाऊक असणार. उद्या सकाळी ते बसलेले असताना जा आणि तेवढंच विचारा. फक्त दाखवायला म्हणून ते पत्र्यावर चढणार नाहीत, एवढं बघा.