पोटाचा स्नायू पायापर्यंत पोचतच नाही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि वहीच्या पानांचे फोटो मिळाले. प्रत्येक आसनापुढे 'ताणले जाणारे स्नायू' आणि 'काम करणारे स्नायू' असे दोन रकाने, एक निळ्या शाईत, एक लाल. मेहनत दिसते आहे, अक्षरही माझ्यापेक्षा बरं. पण नुसती पाठ केलेली ही नावं परीक्षा झाली की उडून जातील. म्हणून पाठांतर थोडं बाजूला ठेव आणि तुझ्याच वहीतलं नौकासन घे.

बसून पाय वर उचलायच्या नौकासनापुढे तू लाल शाईत लिहिलं आहेस, 'पोटाचे स्नायू'. वर्गात थरथरतं पोटच, त्यामुळे सगळे तसंच म्हणतात. आता पोटाचा तो उभा स्नायू, रेक्टस अॅब्डोमिनिस, कुठून कुठे जातो ते पाहा. वर बरगड्यांना आणि छातीच्या हाडाच्या टोकाला, खाली ओटीपोटाच्या हाडाला. तिथे संपला. मांडीच्या हाडापर्यंत तो येतच नाही, मग पाय उचलणार कसा? पाय उचलतात जांघेतून जाणारे स्नायू. त्यातला सोआस कमरेच्या मणक्यांपासून निघतो, इलियाकस कटीच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, आतल्या बाजूने येतो आणि दोघं मिळून मांडीच्या हाडाच्या आतल्या उंचवट्याला लागतात. मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस त्यांच्या मदतीला असतो. पोटाचं काम वेगळं: पायांचं ओझं सोआसमधून कमरेला ओढत असताना कटी जागेवर धरून ठेवायची. ते जमलं नाही की कंबर दुखते, आणि साधक म्हणतो, 'पोटाचा व्यायाम केला आणि कंबर धरली.' एवढं कळलं की गुडघे वाकवून नौकासन का द्यायचं हे तुला पुस्तकात शोधावं लागणार नाही. पाय आखूड झाला, ओझं कमी झालं.

तेव्हा प्रत्येक स्नायूला आधी हे विचार: तू कुठे सुरू होतोस, कुठे संपतोस, मधे कुठले सांधे ओलांडतोस? आणि लगेच दुसरं: या आसनात वजन कुठल्या दिशेला खाली ओढतंय?

हा दुसरा प्रश्न तुझ्या वहीत कुठेच नाही. बसून पुढे वाकायचं पश्चिमोत्तानासन आणि उभ्याने वाकायचं उत्तानासन, दोन्हीपुढे तू तीच यादी उतरवली आहेस, कारण चित्रात आकार सारखाच दिसतो: खुब्यातून घडी, पाय सरळ. पण उत्तानासनात उभ्याने खाली जाताना धड खाली आणायला पुढच्या स्नायूंची गरजच नसते, ते वजनानेच येतं. मागचे स्नायू, म्हणजे पाठीचे, कुल्ल्याचे आणि मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग, लांबत लांबत ते ओझं पेलत हळूहळू खाली सोडतात. म्हणजे ताण आणि काम एकाच स्नायूत, एकाच वेळी. तुझे दोन रकाने इथे फसतात. आणि अगदी खाली लोंबकळल्यावर पाठीचे लांब स्नायू बरेचसे थंडावतात, भार मागच्या अस्थिबंधांवर जातो. सकाळी उठल्या उठल्या, अंग आखडलेलं असताना झटक्याने खाली वाकू देऊ नकोस ते यासाठी.

असं लांबत केलेलं काम दुसऱ्या दिवशी जास्त ठणकतं हेही लक्षात ठेव. चतुरंग दंडासनात, हातापायांवर तोललेलं अंग कोपरं वाकवत सावकाश खाली उतरवलंस की दुसऱ्या दिवशी छाती आणि दंडाची मागची बाजू बोलते. दंड धड वर ढकलत नव्हते, खाली जाण्यापासून आवरत होते.

पश्चिमोत्तानासनात मात्र वेगळी गंमत. हॅमस्ट्रिंग बसण्याच्या हाडापासून निघून गुडघ्याच्या खाली लागतात. एक लहान फाटा सोडला तर सगळे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. ते आखूड असतील तर बसतानाच कटी मागे ढकलतात. धड उभ्या रेषेच्या मागे राहतं, वजन मदतीला येण्याऐवजी मागे खेचतं, आणि मग माणूस हातांनी पाय धरून पाठ कुबडी करत स्वतःला ओढतो. त्याला पाठीवर दाबू नकोस. त्याचे गुडघे वाकव. गुडघा वाकला की हॅमस्ट्रिंग ढिले होतात. कटी लगेच पुढे झुकली तर अडथळा तिथेच होता हे समजलं. मग चार पदरी घोंगडीवर बसव आणि पाय हळूहळू सरळ करू दे. गुडघे वाकवूनही कटी हलली नाही तर अडचण दुसरीकडे आहे. आणि ताण पोटरीतून तळव्याकडे मुंग्या येत उतरत असेल तर मज्जातंतू खेचला जातो आहे. तिथे 'अजून थोडं' म्हणायचं नाही.

नावं पाठ करायचीच असतील तर हाताने कर. खुर्चीवर बस, पाऊल जमिनीवर, आणि टाच मागे खेचल्यासारखी जमिनीत रोव, पण पाऊल हलू देऊ नकोस. आता गुडघ्याच्या लवणीच्या दोन्ही कडांना बोटं लाव. बाहेरच्या बाजूला एक ताठ दोरी लागेल, ती बायसेप्स फेमोरिस. आतल्या बाजूला बारीक, जास्त उठून दिसणारी, ती सेमिटेंडिनोसस. टाच सोडलीस की दोन्ही विरघळतात. हे एकदा बोटांना कळलं की चित्र लागत नाही. तसंच वृक्षासनात. ज्या पायावर उभा आहेस त्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या कडेखाली बाहेरच्या अंगाला बोटं ठेव आणि दुसरा पाय उचल. ग्लुटियस मीडियस दगडासारखा होतो. तो कमी पडला की उचललेल्या बाजूची कटी खाली लवते, किंवा धड उभ्या पायावर कलतं. समोर बघत उभं राहिलास तर वर्गातल्या निम्म्या लोकांत हे दिसेल.

त्रिकोणासनाबद्दल तू विचारलंस की वरची कूस 'ताणली जाते' असं लिहू का. लिही, पण तेवढंच नको. उजवीकडे झुकल्यावर धडाचं वजन हवेत असतं आणि ते पडू नये म्हणून डावी कूस लांबलेल्या अवस्थेतच धरून राबत असते. खालचा हात विटेवर टेकवून त्यावर भार दिलास की तिचं काम हलकं होतं. 'गुडघ्याच्या वाट्या वर खेचा' ही पुण्याकडच्या वर्गांत सतत ऐकू येणारी सूचना इथलीच. मांडीचा पुढचा भाग आवळला की गुडघा मागे लोंबत नाही आणि हॅमस्ट्रिंगला थोडं सैल व्हायला वाव मिळतो.

दिसतं एक आणि काम करतं भलतंच, याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण उड्डियान. पोट पाठीला चिकटतं, म्हणून लोक समजतात पोट जोरात आवळायचं. उलट आहे. श्वास पूर्ण सोडून, घसा बंद ठेवून, श्वास न घेता छाती फुलवायची; पोट सैल असेल तर डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, आपोआप वर जातो आणि पोट आत ओढलं जातं. आवळलंस तर उड्डियान होणारच नाही. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी असल्या क्रिया क्ष-किरणांखाली पाहिल्या, दाब मोजले. नौलीत, म्हणजे उड्डियान करून पोटाचे उभे स्नायू पुढे काढायच्या क्रियेत, मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, त्याला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव देऊन 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. आसनांतले स्नायू दाखवणाऱ्या हल्लीच्या रंगीत चित्रांच्या कितीतरी आधी आपल्याकडे कुणीतरी 'आत काय होतंय' हे मोजून पाहत होतं, हे तुझ्या वयाच्या मुलांना कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं.

त्या रंगीत चित्रांवर माझा राग नाही. पण ती एका अंगाची, एका क्षणाची असतात. तुझ्या समोरच्या माणसाचा खुबा वेगळा असू शकतो. बद्धकोणासनात गुडघे खाली जात नसतील आणि आतल्या मांडीला ताण न येता जांघेच्या पुढे किंवा बाहेर चिमटा बसत असेल, तर हाड हाडाला भेटलं आहे. तिथे कितीही वर्षं दाबलंस तरी स्नायू लांबणार नाही, कारण अडवणारा तो नव्हताच.

पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की वाकताना बसण्याच्या हाडाशी आत खोलवर दुखतं, आणि तू ते ताणून मोकळं करतो आहेस. हे लगेच थांबव. स्नायूच्या पोटात येणारा ताण वेगळा आणि हाडाला चिकटतो तिथे दुखणं वेगळं. तिथे कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी असते, आणि रोज ओढलीस तर ती चिडत जाते. काही आठवडे पुढे वाकणारी आसनं गुडघे वाकवून आणि अर्धीच कर. सेतुबंधासन आणि शलभासन वाढव, तेही दुखण्याच्या अलीकडे थांबून. त्यात हॅमस्ट्रिंगला आखडून काम करावं लागतं, आणि सध्या त्यांना बळ हवं आहे. महिन्याभरात उतार नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखव.

वर्गात ही नावं सांगायची का, हाही तुझा प्रश्न. फार नको. 'सेराटस अँटिरियर लावा' म्हटलंस की समोरची मावशी शेजारणीकडे बघते. 'हाताने जमीन ढकला, खांद्याची पाती पाठीवर फाकू द्या' म्हटलंस की तिच्या बगलेखालचा तोच स्नायू कामाला लागतो. नावं तुझ्या वहीत राहू देत. पुढच्या पत्रात वीरभद्रासन दोन लिहून पाठव, पुढच्या आणि मागच्या पायाचं वेगवेगळं, आणि या वेळी रकाने आखू नकोस.

तुझी,
ताई