पहाटेपर्यंत अभ्यास, दिवसभर पेंग

परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो: वेळ पुरत नाही, म्हणून आधी झोपेला कात्री लागते, मग जेवणाला. त्यांतली काही पत्रं थोडक्यात देऊन उत्तरं देत आहोत. परीक्षेचा ताण परीक्षा होईपर्यंत राहणारच. पण सकाळी उठण्याची वेळ आणि दिवसाचं पहिलं खाणं या दोन गोष्टी आजपासून ठरवता येतात. त्या ठरल्या की बाकीचं बरंचसं आपोआप मार्गी लागतं.

प्रश्न: अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री तीनपर्यंत अभ्यास करतो आणि आठचा तास असल्यामुळे साडेसातला उठतो. रविवारी बारापर्यंत झोपून भरपाई करतो. आता साडेचार तासांची सवय झाली आहे असं वाटतं. परीक्षा महिन्यावर आहे. हेच चालू ठेवलं तर चालेल का?

नाही. आणि ‘सवय झाली आहे’ हीच यातली सर्वांत फसवी गोष्ट आहे. तुमच्या वयाला रोज सात ते नऊ तास झोप लागते. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही जणांना सलग चौदा दिवस चार, सहा किंवा आठ तासच झोपू दिलं आणि रोज त्यांच्या चाचण्या घेतल्या. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती दिवसागणिक घसरत गेली. शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीवर आली. पण आपल्याला किती पेंग येते याचा त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारसा वाढला नाही. थोडक्यात, काम बिघडत होतं आणि बिघडतंय हे त्यांना कळतच नव्हतं. तुम्हाला वाटणारी सवय याच जातीची आहे.

झोपेचं एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं असतं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, शेवटच्या भागात स्वप्नांची झोप. दिवसभर वाचलेलं पक्कं बसायला दोन्ही लागतात. साडेचार तासांनी गजर लावला की स्वप्नांच्या झोपेचा मोठा हिस्सा कापला जातो. रात्री दोन ते तीन या तासात वाचलेली पानं दुसऱ्या दिवशी कोरी वाटतात, त्यामागे हेही कारण आहे.

रविवारच्या बारा वाजेपर्यंतच्या झोपेने थकवा थोडा उतरतो, पण शरीराचं घड्याळ मागे सरकतं. मग रविवारी रात्री लवकर पडलात तरी डोळा लागत नाही आणि सोमवार सगळ्यांत वाईट जातो. यात आळसाचा भाग कमी आहे. माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, आणि विशीच्या आसपास ते आयुष्यात सर्वांत उशिराच्या वेळेवर असतं. रोज सकाळच्या उजेडाने त्याला ओढून जागेवर आणावं लागतं.

म्हणून सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा. साडेसात म्हणजे साडेसातच. रविवारी फार तर साडेआठ. उठल्यापासून तासाभरात वीस ते तीस मिनिटं बाहेर उजेडात घालवा, चालत किंवा नुसतं उभं राहून. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे खिडकीजवळ बसून तेवढं काम होत नाही. झोपायची वेळ दर दोन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे आणा: तीन, मग दोन चाळीस, मग दोन वीस. अठरा दिवसांत तुम्ही बारावर पोहोचाल. परीक्षेआधी तेवढे दिवस तुमच्याकडे आहेत.

एका रात्रीत तीनवरून अकरावर उडी मारू नका. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जास्त जागं असतं. त्या वेळात अंथरुणावर पडलं की नुसती तळमळ होते, आणि ‘मला लवकर झोप येतच नाही’ अशी समजूत पक्की होते. रात्री अकरानंतर खोलीतला मोठा दिवा बंद करून टेबलावरचा छोटा लावा, कारण रात्रीचा प्रखर उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो.

अभ्यासाचे तीन तास गेले असं वाटेल. त्यावर उपाय इतकाच, की सर्वांत अवघड विषय संध्याकाळी घ्या आणि झोपण्याआधीच्या अर्ध्या तासात फक्त उजळणी करा. वाचल्यावर लगेच झोपलं तर ते जागं राहण्यापेक्षा अधिक लक्षात राहतं, हे जेनकिन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्येच दाखवलं होतं.

प्रश्न: अंथरुणाला पाठ टेकली की डोकं चालू होतं. राहिलेले धडे, प्रकल्प, फी, सगळं आठवतं. दीड-दोन तास जातात. मोबाइल बघितला तर थोडं बरं वाटतं.

झोपण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन घ्या आणि उद्या करायची कामं लिहून काढा. २०१८ च्या एका प्रयोगात तरुणांच्या एका गटाने पुढच्या दिवसांची कामं लिहिली, दुसऱ्याने उरकलेली कामं लिहिली. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. ज्यांनी तपशीलवार लिहिलं त्यांना आणखी लवकर लागली. ‘भौतिकशास्त्र’ एवढंच लिहून भागत नाही. ‘सकाळी दहाला ग्रंथालयात, चौथ्या प्रकरणातली पहिली सहा गणितं’ असं लिहिलं की डोक्याला ते धरून ठेवायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट अंथरुणाची. त्यावर बसून अभ्यास, जेवण, मोबाइल सगळं होत असेल तर मेंदू ती जागा जागं राहण्याची मानतो. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठा. अंदाजानेच, घड्याळ बघू नका; ते उलटं करून ठेवा. मंद उजेडात खुर्चीवर बसून काहीतरी संथ वाचा आणि डोळे जड झाले की परत या. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा उठावं लागेल, झोप आणखी कमी झाल्यासारखी वाटेल, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. सोडू नका, आणि दिवसा झोपून भरपाईही करू नका. खोलीत टेबल नसेल तर निदान उशीच्या उलट टोकाला बसून अभ्यास करा.

मोबाइलने बरं वाटतं कारण विचार तेवढ्यापुरते बाजूला होतात. पण तो हातात असताना थांबायची वेळ आपण ठरवत नाही. चार्जर हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी लावा. गजरासाठी उठून जावं लागेल, तेही बरंच.

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री असं होत असेल आणि त्याला तीन महिने झाले असतील, तर डॉक्टरांना भेटा. अशा निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती हा पहिला उपाय मानला जातो. मित्राकडची झोपेची गोळी घेऊ नका.

प्रश्न: दिवसाला पाच-सहा कप कॉफी होते, शेवटचा रात्री नऊला. तरी मला झोप लागते. मग काय बिघडलं?

झोप लागणं आणि झोप चांगली होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. जागं असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येऊ लागते. कॅफीन त्याची जागा अडवतं. थकवा तसाच राहतो, फक्त त्याची जाणीव दबते. शरीरातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. काहींना याहून बरेच जास्त लागतात, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा काळ जवळपास दुप्पट होतो. दुपारी चारला २०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री नऊला १०० आणि पहाटे दोनला ५० मिलिग्रॅम अजून अंगात असतं. २०१३ च्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमने एकूण झोप तासाभराहून अधिक घटली.

निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. मोठ्या कपभर कॉफीत शंभरच्या आसपास, चहात त्याच्या निम्मं, आणि एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ८० मिलिग्रॅम असतं. म्हणजे तुम्ही मर्यादा ओलांडली आहे. एकदम बंद केलंत तर दुसऱ्या दिवशी डोकं दुखेल आणि चिडचिड होईल, म्हणून दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. सुरुवात शेवटच्या कपापासून करा आणि दुपारी दोननंतर कॉफी नाही इथवर या.

कॅफीनची सुटी पावडर मात्र कधीच विकत घेऊ नका. तिचा एक छोटा चमचा म्हणजे तीन ग्रॅमच्या आसपास कॅफीन, आणि तेवढ्याने जीव जाऊ शकतो.

प्रश्न: मुलगी बाहेर राहून शिकते. सकाळी काही न खाता जाते, दुपारी चहा-बिस्किटं, रात्री उशिरा भरपूर जेवते. सारखी थकलेली असते, केसही गळतात. तिला कोणतं टॉनिक द्यावं?

टॉनिकच्या आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइडसाठी टीएसएच. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. पण लोहाचा साठा त्याआधीच रिकामा होऊ लागतो आणि तो फेरिटिनवरून कळतो. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर तेही डॉक्टरांना सांगायला तिला सांगा. मांस, अंडी, दूध यांतलं काहीच खात नसेल तर बी-१२ गोळीनेच मिळेल, कारण वनस्पतीजन्य अन्नात ते भरवशाचं मिळत नाही.

चहा जेवणाबरोबर घेतला तर धान्य-डाळींतलं लोह बरंच कमी शोषलं जातं, म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचं अंतर हवं. जेवणासोबत लिंबू, संत्रं किंवा पेरू असला तर तेच लोह जास्त शोषलं जातं.

रात्रीच्या भुकेबद्दल तिला रागावू नका. शिकागो विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा संदेश देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि ओढ मुख्यतः गोड, खारट, पिष्टमय पदार्थांची होती. दिवसभर उपाशी आणि रात्री अपुरी झोप असेल तर कुणीही असंच खाईल.

बदल सकाळपासून करा. उठल्यावर दीड-दोन तासांत काहीतरी प्रथिनयुक्त खाल्लं पाहिजे. ५५ किलोच्या मुलीला दिवसाला साधारण ४५ ते ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंड्यांत बारा ग्रॅम, मोठा पेलाभर दुधात आठ, वाटीभर घट्ट शिजवलेल्या डाळी-कडधान्यात आठ-दहा, मूठभर शेंगदाण्यांत सात. अंडी आणि दूध सकाळी, डाळ दोन्ही जेवणांत, शेंगदाणे संध्याकाळी पाचला. एवढ्यातच पंचेचाळीसच्या आसपास होतात, उरलेली धान्यातून येतात. पाचचं खाणं चुकवू नये, रात्रीचा हल्ला त्यानेच थांबतो. सकाळी भूकच नसेल तर पहिला आठवडा एक केळं आणि दूध एवढंच पुरे. रात्रीचं जेवण झोपेआधी तीन तासांवर आलं की सकाळची भूक परत येते.

प्रश्न: पेपरच्या आदल्या रात्री जागावं की नाही?

नाही. सलग सतरा तास जागं राहिल्यावर हातापायांचा आणि डोक्याचा ताळमेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा होतो आणि चोवीस तासांनी ०.१० टक्क्यांसारखा. त्या स्थितीत गाडी चालवत परीक्षेला जाणं हा वेगळाच धोका. फारच राहिलं असेल तरी निदान सहा तास झोपा. सकाळी नेहमीचंच खा आणि नेहमीइतकीच कॉफी घ्या, नवा प्रयोग त्या दिवशी नको. दोन पेपरांच्या मध्ये पेंग आली तर वीस मिनिटांचा गजर लावून पडा. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि पुढचा अर्धा तास डोकं जड राहतं.

प्रश्न: थोडी बिअर घेतली की पटकन झोप लागते. रोज घेतली तर?

पटकन लागते हे खरं, पण मद्य उतरू लागलं की रात्रीचा उत्तरार्ध तुटक होतो आणि स्वप्नांची झोप घटते. काही दिवसांत तेवढ्याने भागत नाही. झोपेसाठी म्हणून घेऊ नका.

प्रश्न: माझा रूममेट दोन-तीन आठवडे नीट जेवत नाही, रात्रभर जागा असतो, तासाला येत नाही. ‘कशालाच अर्थ नाही’ म्हणतो. त्याला झोपेचं वेळापत्रक करून द्यावं का?

वेळापत्रक नंतर. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे टिकलं आहे, म्हणजे हा नुसता परीक्षेचा ताण नसावा. नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. त्याच्याशी एकट्याने, निवांत बोला आणि सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट अनेकांना बोलायला वाट मिळते. तो हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना किंवा जबाबदार प्राध्यापकांना लगेच कळवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. गुप्त ठेवायचं वचन देऊ नका.

नाही म्हणाला तरी या आठवड्यात कॉलेजच्या समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची वेळ घ्या आणि बरोबर जा. जाताना एका कागदावर लिहून न्या: किती दिवस झाले, रात्री अंदाजे किती तास झोपतो, दिवसातून किती वेळा खातो, वजन उतरलं का, कोणती औषधं किंवा नशा चालू आहे का. तो स्वतः हे सांगू शकेलच असं नाही. तोपर्यंत जेवायला जाताना त्याला हाक मारा, आणि नको म्हणाला तर एक ताट खोलीवर घेऊन या.