गोव्यात शापोऱ्याला होडीचं जुनं १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन दहा मिनिटांनी ताकद सोडतं, आयडलला मात्र ठीक चालतं. काय तपासू?

कार्ब्युरेटर उघडायची घाई नको, आधी पेट्रोलची वाट तपासा. आयडलला ठीक आणि वेगात ढेपाळतं म्हणजे बहुधा पेट्रोल कमी पडतंय. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला की टाकीत निर्वात होतो आणि पाइपवरचा रबरी बल्ब चपटा पडतो. स्क्रू उघडूनही चपटाच राहिला तर टाकीतली जाळी तुंबलीय. मग खरी परीक्षा: इंजिन ढेपाळू लागताच कुणाला तरी बल्ब दाबत राहायला सांगा. ताकद परत आली तर फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) गेलाय किंवा पाइप जोडावर हवा ओढतोय.

पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत पंधरा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी, सगळं ओतून काढा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याकडच्या दमट हवेतला ओलावा धरतं, जुने रबरी पाइपही आतून फुगवतं.

मात्र इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली असेल तर हे काहीच करू नका, इंजिन ताबडतोब बंद करा. तिथे दोष इम्पेलरचा (पाणी खेचणाऱ्या पंपाच्या चक्राचा) किंवा वाळूने तुंबलेल्या वाटेचा असतो, आणि तसंच रेटलं तर पिस्टन तापून जाम होतो.