लायसन्स कोणतं लावू?

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणणारा तुझा कन्व्हर्टर चालवून बघितला. खडेबाजारातल्या डीटीपीवाल्याकडची जुन्या फाँटमधली लग्नपत्रिका घेतली, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. ‘किरण’ची वेलांटी जागेवर आली, ‘सूर्यकांत’चा रफारही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. भल्याभल्यांचे प्रोग्राम तिथंच गडबडतात. कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे अक्षराखाली लागणारी जोडाक्षरं, मात्र चिकोडीच्या तुझ्या मित्राकडून तपासून घे.

आता तुझा प्रश्न, कोड सगळ्यांसाठी खुला करताना लायसन्स कोणतं लावू, एमआयटी की जीपीएल? आधी कोड तुझाच आहे ना, ते बघ. उद्यमबागेतल्या इंटर्नशिपच्या वेळात लिहिला असशील तर कंपनीकडून लेखी घे.

एमआयटी म्हणजे ओपन सोर्स आणि जीपीएल म्हणजे फ्री सॉफ्टवेअर, असं कुणी सांगितलं असेल तर ते सोडून दे. दोन्ही लायसन्सं दोन्ही गटांना मान्य आहेत. भांडण हेतूचं आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरनं 1983 मध्ये ग्नू हा फ्री सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला तो मशीनसमोर बसणाऱ्यासाठी: त्याला प्रोग्राम हवा तसा चालवता, उघडून बघता, बदलता, वाटता यावा. 1998 मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढं आलं, ते कंपन्यांच्या गळी उतरावं म्हणून. तिथं भर कामाच्या सोयीवर; हक्काची भाषा जरा बाजूला.

एमआयटीखाली तुझं नाव आणि लायसन्सचा मजकूर ठेवला की कुणीही तुझा कोड बंद सॉफ्टवेअरमध्ये घालून विकू शकतो. प्लेस्टेशन 4 या गेमच्या यंत्रात फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड आहे तो अशाच मोकळ्या लायसन्समुळं, आणि त्यात गैर काहीच नाही. जीपीएलखालीही विकता येतं, पण गिऱ्हाइकाला सोर्स, म्हणजे वाचता-बदलता येणारा मूळ कोड, द्यावाच लागतो.

मी तुझ्या जागी असतो तर जीपीएलच्या घरातलंच लावलं असतं. ज्या दुकानांसाठी तू हे लिहिलंस ती आधीच बंद फाँटांत अडकलीत. त्यांना सोडवणारा प्रोग्रामच उद्या कुणी बंद करून त्यांना विकायला नको.

पण साध्या जीपीएलला एक पळवाट आहे. कुणी तुझा कोड सुधारून सर्व्हरवर ठेवला आणि पानामागं पैसे घेतले, तर त्यानं प्रत कुणाला दिलीच नाही, म्हणून सोर्स द्यायचं बंधनही नाही. ती वाट त्याच घरातल्या 2007 च्या एजीपीएलनं अडवली आहे: सुधारलेला प्रोग्राम सर्व्हरवरून वापरणाऱ्यालाही सोर्स द्यावा लागतो. तुझं काम वेबवर जाणारच, तेव्हा तेच लाव. कंपन्या त्याला बिचकतात, बिचकू देत. अक्षरांचे तक्ते तेवढे वेगळ्या फाइलीत काढून एमआयटीखाली दे, ते कुणीही कुठंही वापरले तर दुकानदाराचं काही जात नाही.

पैशाचं म्हणशील तर दुकानात बसवून देण्याचे, शिकवण्याचे खुशाल घे. लाजू नकोस.

आणि लायसन्सची फाइल आजच टाक. ती नसेल तर कोड उघडा दिसूनही कायद्यानं कुणाला वापरता येत नाही. निपाणीहून कुणी पाठवलेला तो पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, त्यानंतरच घे. इतरांचा कोड मिसळला की पुढं लायसन्स बदलायला त्यांचीही परवानगी लागेल.

तुझा,
काका