वळा, पण आधी दोन कागद भरा

सहा वर्षं केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट केल्यावर ह्युमन फॅक्टर्सकडे, म्हणजे माणसाकडून चूक होणार नाही अशी यंत्रं आणि कामाची पद्धत आखण्याच्या कामाकडे, वळावं का, असं तुम्ही विचारलंय. मीही आधी शिफ्ट इंजिनिअरच होतो, आता बारा वर्षं हे करतोय. वळा. पण खुर्चीची उंची आणि स्क्रीनचे रंग ठरवण्याचं काम असेल असं वाटत असेल, तर एक किस्सा ऐका.

एका कारखान्यात फिल्ड ऑपरेटरनं रात्री अडीचला ‘बी’ऐवजी ‘सी’ पंप चालू केला. अहवालात नेहमीचं वाक्य: ऑपरेटरचा निष्काळजीपणा, पुन्हा ट्रेनिंग द्यावे. (असल्या अहवालांवर मीही सह्या केल्यात.) त्याच वेळेला तिथे जाऊन उभा राहिलो. पंप ओळीनं ए, सी, बी. कारण सी मागाहून आला आणि जागा मधेच होती. स्क्रीनवर मात्र ए, बी, सी. पाट्या तेलानं काळ्या पडलेल्या. आणि सीच्या व्हॉल्व्हला एक लाल चिंधी बांधलेली. ती कशाला, विचारलं तर जुने ऑपरेटर काका म्हणाले, “नवीन पोरं फसतात ना साहेब, म्हणून मीच बांधली.” म्हणजे गोष्ट शिफ्टमध्ये सगळ्यांना ठाऊक, फक्त हॅजॉपच्या (काय काय बिघडू शकतं त्याच्या तपासणीच्या) कागदात नाही. आपला निम्मा पगार अशा चिंध्या शोधण्याचा.

मोठ्या अपघातांतही हेच दिसतं. 1979 मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) उघडाच अडकला, पण पॅनेलवरचा दिवा विझला. तो दिवा फक्त ‘बंद हो’ हा सिग्नल गेला की नाही एवढंच दाखवायचा. ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं, आणि दोन तासांहून जास्त वेळ रिअॅक्टर थंड ठेवणारं पाणी जात राहिलं. त्यांच्या जागी मीही तेच धरलं असतं. वेल्समध्ये मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत 1994 साली स्फोटाआधीच्या 11 मिनिटांत 275 अलार्म वाजले. मिनिटाला 25! वाचायचे कधी?

भारतात या नावाची पदं कमी. बहुतेकदा प्रोसेस सेफ्टी किंवा एचएसई (आरोग्य, सुरक्षा, पर्यावरण) विभागात बसूनच हे करावं लागतं. डिझाइन गोठल्यावर बोलावतात आणि ‘एखादी पाटी सुचवा’ म्हणतात, त्याची सवय ठेवा. ब्रिटनमध्ये धोकादायक कारखान्यांकडे नियामक हे विषय थेट विचारतो, म्हणून तिकडे कामं बरी. शिकायला आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन स्कूल आहे, पण तुमची सहा वर्षं कुठल्याही कोर्सपेक्षा भारी. ऑपरेटर तुमच्याशी खरं बोलतात का, एवढं तपासा. पहिल्या दिवशी वही काढू नका. वही दिसली की सगळे एसओपीप्रमाणेच (लेखी ठरलेल्या पद्धतीप्रमाणेच) काम करतात.

राजीनाम्याआधी एक करा. आठवडाभर हँडओव्हरला, म्हणजे एक पाळी दुसरीकडे काम सोपवते तेव्हा, उभे राहा. एका कागदावर जाणाऱ्यानं लॉगबुकात काय लिहिलं ते उतरवा, दुसऱ्यावर तो दारातून निघता निघता तोंडी काय बोलला ते. 1988 मध्ये उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला आहे, हे रात्रपाळीपर्यंत पोचलंच नव्हतं. 167 माणसं गेली. ते दोन कागद मला दाखवा, कोर्सचं मग बोलू.