पाकीट जपून ठेवलंय ना?

खाडीपलीकडच्या सड्यावर लष्कराचा तोफांचा सराव झाला, चिरेबंदी भिंतीला भेगा गेल्या, पडवीची कौलं घसरली. महसूल अधिकाऱ्यांनी पंचनामा केला आणि भरपाई नाकारली. आता आवाजाविरुद्ध दाद कुठे मागायची, असं एका चाकरमान्यांनी मुंबईहून विचारलंय.

आवाजाचं नंतर. कामाची ओळ तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलीत: निकालाचं पत्र चुलतभावाने सही करून घेतलं, ते हरतालिकेला गावी पोचल्यावर तुमच्या हातात पडलं. अहो, सगळं प्रकरण त्या ओळीवर उभं आहे!

१९३८ च्या मॅनुव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्टच्या कलम ७ प्रमाणे, निर्णय कळवल्यापासून १५ दिवसांत अपील करणार असल्याची नोटीस त्याच महसूल अधिकाऱ्याला द्यावी लागते. पुढे कलेक्टर आयोग नेमतात आणि त्याचा निर्णय अंतिम. तुम्ही कलेक्टर, आमदार, खासदार सगळ्यांना अर्ज धाडलेत. ज्याला द्यायचा, तो एकटा राहिला.

१५ दिवस पत्रावरच्या तारखेपासून नाही, कळवल्यापासून मोजायचे. चुलतभावाची सही म्हणजे तुम्हाला कळवणं का? तो तुमच्याच घरात राहतो की भावकीतला, चूल वेगळी, यावर वाद घालता येईल. जिंकालच असं नाही. म्हणून टपालाचा शिक्का असलेलं पाकीट आणि गावी गेल्याचं गाडीचं तिकीट, दोन्ही जपा. चौदशीनंतर लिहिलंत, म्हणजे हरतालिकेपासून मोजलं तरी हातात मोजकेच दिवस होते. छापून येईपर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुम्हाला हे आधीच फोनवर सांगितलं. नोटीस हाताने द्या, प्रतीवर आवक शिक्का घ्या. इथे लिहितोय ते तुमच्यासारखंच पाकीट कपाटात टाकून बसलेल्या बाकीच्यांसाठी.

या सरावाची सरकारी अधिसूचना मी पाहिलेली नाही. मारा समुद्राकडे होत असेल तर १९४९ चा सीवर्ड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्ट लागू शकतो; तो वेगळा वाचावा लागेल.

राहिला आवाज. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पुण्याच्या हरित लवादाकडे जाता येईल, पण तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत. सराव थांबेल अशी आशा मात्र मी दाखवणार नाही.

सरावाआधी कौलं उतरवायला गडी लावले होते का? मालमत्ता वाचवायला केलेला वाजवी खर्चही १९३८ च्याच कायद्याच्या कलम ६ खाली मागता येतो. पावती नसणारच, गड्याकडून मजुरीचा आकडा तारखेसह लिहून घ्या.